रुमालाखालची चार बोटं

चालणाऱ्या कुठल्याही प्राण्याची लायकी, मग त्याला पाय दोन असोत की चार, नुसतं पाठमोरं पाहून सांगणारा माणूस अख्ख्या जगात एकच आहे आणि तो माझा चुलतसासरा आहे, हे मी आता मान्य करून टाकलं आहे. मान्य करायला मला अकरा वर्षं लागली. लग्न होऊन मी ब्राह्मणपुरीला आले तेव्हा अंगणातून स्वयंपाकघरापर्यंतची माझी पहिली फेरी झाल्या झाल्या त्यांनी माझ्या सासूबाईंना सांगितलं होतं, "पाय मजबूत शेतस. डावा गुडघा जपाले सांगा तिले." आता मी विद्यापीठाच्या कबड्डी संघात तीन वर्षं उजवा कोपरा सांभाळलेली बाई. डाव्या गुडघ्याचं दुखणं तिथलंच, आणि ते मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नव्हतं. नव्या सुनेचं असं उघड मोजमाप झाल्याचा मला जो राग आला तो पुढे बरेच दिवस टिकला. गुडघा मात्र मी तेव्हापासून जपते.

पेशाने ते बैलबाजारातले दलाल. घेणारा आणि विकणारा यांच्यामध्ये उभं राहायचं, खांद्यावरचा मोठा रुमाल हातांवर टाकायचा आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून किंमत ठरवायची, असा तिथला जुना रिवाज. भोवती शंभर माणसं उभी असली तरी सौदा फक्त त्या दोन हातांना कळतो. तोंडाने किंमत बोलणं माझ्या चुलतसासऱ्यांना असभ्य वाटतं. "जनावर आयकत ऱ्हास ना," असं ते म्हणतात, आणि थट्टेने म्हणत नाहीत. आपली किंमत कानावर पडली की जनावर एकतर माजतं नाहीतर खचतं, अशी त्यांची पक्की समजूत आहे. दुसरी समजूत खोडीबद्दलची. जनावरात खोड असेल तर ती सौद्याआधी सांगायची, कोणी विचारो न विचारो. एकदा माझ्या सासऱ्यांचाच, म्हणजे त्यांच्या सख्ख्या थोरल्या भावाचा, बैल विकायला काढला होता. गिऱ्हाईक खूश, बोटं जुळलेली, रुमाल उचलायचा तेवढा बाकी, आणि यांनी गिऱ्हाइकाला सांगितलं, "हाऊ दोन वाजनात का उनमा बठी जास. मंग उठत नई." सौदा मोडला. दोघा भावांच्या घरांमध्ये एकच भिंत, तरी माझे सासरे पुढची दोन वर्षं त्यांच्याशी बोलले नाहीत. निरोपांची ने-आण सासूबाई करायच्या. आणि माझे चुलतसासरे रोज दुपारी दोन वाजता न चुकता भिंतीपलीकडून विचारायचे, "बठना का भाऊ तो?"

पुढे ट्रॅक्टर आले, बाजारातले बैल कमी होत गेले आणि चुलतसासऱ्यांची नजर रिकामी पडली. ती बरेच दिवस घरातल्यांवर फिरली. कोण कुठल्या पायावर जोर देतं, कोण जिन्यावर आधी कुठला पाय टाकतं, हे ऐकून ऐकून घरातली माणसं त्यांच्यासमोरून चालायची बंद झाली, मागच्या दाराने ये-जा करू लागली. अशात गावातल्या मंडळाने कबड्डीचे सामने भरवले आणि आमची सुटका झाली. जन्मात कधी कबड्डी न खेळलेला हा माणूस पहिल्या सामन्याला जो बसला तो अजून उठलेला नाही. पण बघण्याची तऱ्हा न्यारी. सगळं मैदान चढाई करणाऱ्याकडे बघत असतं तेव्हा हे बघतात कोपऱ्यात उभ्या असलेल्या बचावपटूचे पाय. "चढाई करनारा सगळास्ले दिखस. मी मांगला पाय देखस," हे त्यांचं त्यावरचं उत्तर. पाय नीट दिसावेत म्हणून ते रेषेजवळ कुशीवर आडवे होतात, गाल मातीला टेकवून. म्हसावदला एकदा एका उत्साही स्वयंसेवकाला वाटलं की आजोबांना भोवळ आली. त्याने कळशीभर पाणी त्यांच्या डोक्यावर ओतलं. निथळत्या मिशीनिशी, डोळे मैदानावरून न काढता ते म्हणाले, "बाजूले व्हय, माले पाय दिखत नई."

बैलांचा रिवाज त्यांनी जसाच्या तसा पोरांना लावला. एक बोट म्हणजे घरी पाठवा. दोन म्हणजे गावापुरता. तीन म्हणजे तालुक्याला खेळेल. चार म्हणजे घ्या, डोळे मिटून घ्या. पाचवं बोट ते कधी धरत नाहीत. का, असं विचारलं तर म्हणतात, "पुरं जनावर बाजारमा येसच नई." एका चढाईपटूचा साऱ्या जिल्ह्यात डंका होता, त्याला त्यांनी एक बोट दिलं, कारण तो चढाईला जाण्याआधी मागे वळून लोकांकडे बघून हसतो. दोनच वर्षांत त्या मुलाने खेळ सोडला, आता तो तालुक्याला विमा विकतो आणि तसाच हसतो. माझी अडचण अशी की हा निकाल ऐकायचा हक्क मला नव्हता. मी म्हसावदजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयाची क्रीडाशिक्षिका, पोरांचा संघ माझा, घाम माझा. पण सुनेचा हात आणि चुलतसासऱ्याचा हात एका रुमालाखाली जाणं त्यांच्या जगात बसत नाही. एरवी माझ्याशी तास तास बोलतील, लाइटबिलापासून राजकारणापर्यंत. सौद्याची गोष्ट निघाली की मात्र माझ्या नवऱ्याला बोलावून घेणार, रुमाल टाकणार, बोटं धरणार, आणि मग नवरा मला सांगणार. पंचायत समितीत फायली हलवणाऱ्या या सद्गृहस्थाला बोटांतलं काही कळत नाही. "तीन होती, की तिसरं चुकून लागलं?" असं मलाच विचारतो. एकदा शहाद्याच्या बसस्टँडवर हे काका-पुतणे रुमाल टाकून इतका वेळ उभे राहिले की भोवती गर्दी जमली आणि एका शेतकऱ्याने इकडेतिकडे बैल शोधत विचारलं, "जोडी कथी बांधेल शे?"

हे सगळं मी हसून चालवून घेत होते, ते दिलवर येईपर्यंत. दिलवर सातपुड्यातल्या एका पाड्यावरचा, बारावीत, एकोणीस वर्षांचा. घरी पावरी बोलणारा आणि शाळेतली मराठी जपून, एकेक शब्द उचलून वापरणारा. उंची बेताची, मनगटं मात्र माझ्या मुठीत न मावणारी. मी त्याला डाव्या कोपऱ्यात उभं केलं आणि पहिल्याच दिवशी त्याने समोरच्याचा घोटा असा पकडला की मी शिट्टी वाजवायची विसरले. अशी पकड शिकवून येत नाही. मी तरी कधी कोणाला शिकवू शकले नव्हते. एका व्यावसायिक संघाला कोवळे बचावपटू हवे होते. त्यांचे निवडकर्ते सुरतेकडे जाताना विसरवाडीच्या स्पर्धेचा अंतिम सामना पाहायला अर्धा दिवस थांबणार होते, हे कळल्यापासून मला जेवण गोड लागेना. स्पर्धा दिवाळीच्या तोंडावर. दिवाळी झाली की दिलवरच्या पाड्यावर ट्रक येतो, आणि सगळा पाडा ऊसतोडीला गुजरातेत उतरतो, तो थेट उन्हाळ्यात परततो. एकदा पोरगा त्या ट्रकमध्ये चढला की बारावीही गेली आणि कबड्डीही गेली. माझ्याकडे एक सामना होता. चुलतसासऱ्यांना मी, अर्थातच नवऱ्यामार्फत, निरोप दिला की या मुलाकडे जरा बघा.

त्यांनी जे बघणं सुरू केलं ते मात्र भलतंच होतं. जनावराला कळता कामा नये की आपण त्याला पाहतोय, हा त्यांचा नियम, त्यामुळे ते दिलवरला मैदानावर बघेनातच. तो कॉलेजच्या नळावर हातपाय धूत असला की हे भिंतीआड. तो गाडीची वाट बघत असला की हे टपरीच्या मागे, वर्तमानपत्र उघडून, आणि वर्तमानपत्र उलटं. एके दिवशी दिलवर माझ्याकडे आला आणि खाली बघत म्हणाला, "मॅडम, एक म्हातारा माझ्या मागं आहे." मी म्हटलं, घाबरू नकोस, ते आमचेच आहेत. पण तेवढ्यावर भागलं नाही. हे गृहस्थ पंचाहत्तराव्या वर्षी जीपच्या टपावर बसून पाड्यावर पोचले आणि दिवसभर मोहाच्या झाडाखाली बसून दिलवरला घरकाम करताना बघत राहिले. दिलवरच्या वडिलांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. पांढरं धोतर, खांद्यावर रुमाल, माणसांचे हातपाय निरखणारी नजर. त्यांच्या अंगणात अशी माणसं एकाच कामासाठी येतात. त्यांनी पाणी आणून दिलं, हात जोडले आणि म्हणाले, "आमी तीन कोयते येऊ शेठ. हा न् याची बहीण मिळून एक कोयता." ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात, एका कोयत्याला दोन माणसं. माझ्या चुलतसासऱ्यांना ऊसतोडीचा मुकादम समजून बापाने आपला मुलगा त्यांच्या हवाली करून टाकला होता. आयुष्यभर बैलांची बोलणी केलेला हा माणूस त्या दिवशी घरी आला तो जेवला नाही. ताटावरून उठताना एवढंच म्हणाला, "मी कसा दिखस रे मानसेस्ले?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवऱ्याला बोलावलं. मी तिथेच भाजी निवडत बसले होते, कान टवकारून. रुमाल पडला, उठला. नवरा माझ्याकडे वळून म्हणाला, "चार. नक्की चार." माझ्या हातातली मेथी खाली पडली. पण चुलतसासरे थांबले नव्हते. माझ्यापासून चार हातांवर उभं राहून ते नवऱ्याला म्हणाले, "तिले सांग, पोऱ्यान्हा हात चांगला शे. पन एक खोड शे. समोरला वरडना का हाऊ सोडी देस." नवऱ्याने ते मला जसंच्या तसं पुन्हा सांगितलं. मला ते पटेना. मग त्यांनी, नवऱ्याकडे बघतच, मोहाच्या झाडाखालून जे पाहिलं ते सांगितलं. दिलवरच्या घरी बकऱ्या आहेत, आणि लहानपणापासून पळालेली बकरी धरायचं काम त्याचं. बकरी धरायची ती मागच्या पायाला, घोट्याजवळ, झेप घेऊन. मला जी दैवी वाटत होती ती पकड इथे तयार झालेली. पण बकरी ओरडली की मूठ लगेच सैल करायची, नाहीतर तिचा पाय मोडतो. हेही त्याच हाताने तेव्हाच शिकून ठेवलेलं. मला आमच्या सरावातल्या पकडी आठवल्या. ज्या सुटल्या होत्या त्या सगळ्या ओरडणाऱ्यांच्या होत्या, आणि इतके दिवस हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी उजवा कोपरा खेळलेली बाई. मला माझाच राग आला आणि तो मी त्यांच्यावर काढला.

पुढचे दहा दिवस मी दिलवरच्या मागे हात धुऊन लागले. पाच पोरांना ओरडायला सांगितलं, त्याला धरायला सांगितलं. तो धरायचा, पोरगं बोंब मारायचं, मूठ उघडायची. मी रागावले की खाली बघून म्हणायचा, "मॅडम, तो ओरडला ना." दहाव्या दिवशी तो इतका विचारात पडला की न ओरडणाऱ्यांनाही सोडू लागला. त्या संध्याकाळी घरी भिंतीपलीकडून चुलतसासऱ्यांचा आवाज आला, "सांग तिले, हात बिघाडू नको त्यान्हा." मी उठून थेट त्यांच्या ओट्यावर गेले आणि डोक्यावरचा पदर सावरत, जेवढ्या आदराने भांडता येतं तेवढ्या आदराने भांडले. म्हटलं, "काका, निवडकर्त्यांसमोर या खोडीचा एक शब्दही काढायचा नाही. पोराच्या जन्माचा प्रश्न आहे." ते सुपारी कातरत होते. म्हणाले, "माले इचारं ते सांगसू. नई इचारं ते बी सांगसू." त्यानंतर विसरवाडीला जाईपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. चहाचा कप मात्र दोन्ही वेळा नेऊन आदळत होते.

विसरवाडीचं मैदान अगदी महामार्गाला लागून. सकाळी आम्ही क्रूझरमधून निघालो, प्रकाशाच्या पुलावर पोरांनी तापीत नाणी टाकली, दिलवरने टाकलं नाही. नंदुरबार मागे पडल्यावर ऊसतोडीचे ट्रक दिसू लागले. काही पाडे दिवाळीचीही वाट बघत नाहीत. भांडी, गोधड्या, कोंबड्या, मांडीवर पोरं, सगळा संसार घेऊन ट्रक गुजरातकडे चाललेले. सामना सुरू झाल्यावरही ते मैदानाच्या मागून जातच होते, आणि प्रत्येक ट्रकच्या आवाजाला दिलवरची मान एकदा तिकडे वळायची. निवडकर्ते साहेब तरुण होते, ट्रॅकसूटमध्ये, मांडीवर टॅब, स्वतः खेळून निवृत्त झालेले. त्यांना जेवणाआधी निघायचं होतं. चुलतसासरे नेहमीप्रमाणे रेषेशी कुशीवर आडवे झाले. साहेबांनी मला विचारलं, "आजोबांना बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, ते आमच्याबरोबर नाहीत. देव मला क्षमा करो.

पहिल्या डावात दिलवरने चार पकडी केल्या, चारही स्वच्छ. साहेब टॅबवर बोट फिरवत होते आणि मी त्यांच्या बोटाकडे बघत होते. समोरच्या, नवापूरकडच्या संघात एक उंच चढाईपटू होता. मध्यंतरानंतर एका पकडीत तो सहज कण्हला आणि दिलवरची मूठ क्षणभर ढिली पडली. पकड निभावली, पण त्या पोराने ते ओळखलं. मला त्याच्या चेहऱ्यावर ते दिसलं. शेवटची चढाई आली तेव्हा आम्ही एका गुणाने पुढे होतो. तो उंच पोरगा आला तो सरळ दिलवरवरच. दिलवरने झेप घेतली, घोटा धरला, पोरगा पालथा पडला, आमचा एक गडी दिलवरच्या मदतीला धावून त्याला भिडला, मध्यरेषा अजून दोन हात लांब. संपलं, जिंकलो, असं मला वाटलं. आणि तो पोरगा ओरडला. असा ओरडला की रस्त्यावरची माणसं थांबली. दिलवरची बोटं उघडलेली मी पाहिली, एकेक करून. पोरगा सरपटत पुढे गेला आणि त्याने मध्यरेषेवर हात ठेवला. आमचे दोघे बाद, दोन गुण, एका गुणाने सामना गेला. तो उठून नाचू लागला, पायाला काहीसुद्धा झालेलं नव्हतं. दिलवर त्याच्याजवळ गेला. मला वाटलं, आता भांडेल. त्याने वाकून त्याच्या घोट्याकडे बघितलं आणि विचारलं, "लागलं का?"

साहेबांनी टॅब मिटला. मला म्हणाले, "पोरगा चपळ आहे मॅडम, पाय चांगले आहेत. पण पकड कच्ची. कोपऱ्यात पकड कच्ची चालत नाही." मी तरी काय सांगणार होते? दिलवर पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसला होता आणि त्याला रस्ता दिसत होता. तेवढ्यात अंगाची माती झटकत चुलतसासरे आले. त्यांनी कोणालाही न विचारता साहेबांचा उजवा हात हातात घेतला, त्यावर रुमाल टाकला आणि आत बोटं धरली. साहेबांनी हात ओढायचा प्रयत्न केला. "आजोबा, काय करताय?" मी डोळे मिटून घेतले. "चार," चुलतसासरे म्हणाले. सौद्याचा आकडा तोंडाने बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. "आते खोड सांगस. हात कच्चा नई शे साहेब. समोरला वरडना का हाऊ सोता सोडी देस. बकऱ्या धरेल हात शे." मला वाटलं, संपलं. होती नव्हती ती आशाही या माणसाने आपल्या नियमापायी घालवली. साहेब माझ्याकडे वळले, पुन्हा त्यांच्याकडे. तोवर चुलतसासऱ्यांनी दिलवरला हाक मारून बोलावून घेतलं होतं. "तुम्हना पाय द्या त्याले. सोडाई घ्या. पन वरडू नका."

साहेब आधी हसले, मग बूट काढून मैदानात उतरले. दिलवरने घोटा धरला. साहेबांनी हिसका दिला, लोळले, दुसऱ्या पायाने रेटा दिला, ट्रॅकसूट धुळीने माखला, कपाळाची शीर फुगली. बघायला गर्दी जमली. दिलवर काही न बोलता तोंड बाजूला करून पडला होता आणि साहेब एक तसूही सरकले नव्हते. "आते वरडा," चुलतसासरे म्हणाले. साहेबांनी लाजत लाजत, अगदी बारीक आवाजात, "आई गं," केलं. मूठ उघडली. गर्दी हसली, साहेब मातीत उताणे पडून हसत राहिले, हसता हसता उठून बसले आणि घोटा चोळत मला म्हणाले, "हा पोरगा मला द्या मॅडम. ही सवय आम्ही तीन महिन्यांत काढतो." मी रडले. उघड, सगळ्यांदेखत रडले. हसले नाहीत ते एकटे चुलतसासरे. रुमाल झटकून खांद्यावर टाकत ते म्हणाले, "काढशात. काढशातच तुम्ही." ज्या खोडीचं नाव काढू नका म्हणून मी इतके दिवस कप आदळले होते, तिनेच पोराला तारलं होतं. परतीच्या वाटेवर मी मुकाट्याने थर्मासमधला चहा ओतून कप त्यांच्या हातात दिला.

दिवाळीनंतर दिलवर शिबिराला गेला. ऊसतोडीच्या कोयत्यात बहिणीबरोबर त्याच्या जागी चुलतभाऊ लागला. म्हसावदच्या स्टँडवर त्याला पोचवायला चुलतसासरे आले होते, पण पुढे आले नाहीत, नेहमीप्रमाणे टपरीच्या मागेच उभे राहिले. तो पिशवी घेऊन बसकडे चालत जाताना त्यांनी त्याला पाठमोरं बघून घेतलं आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "चांगला चालस." त्यानंतरच्या वर्षात त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. आधी मैदानावरचे पाय धूसर झाले, मग मैदान. ऑपरेशनचं नाव काढलं की उठून जातात. ज्या डोळ्यांवर आयुष्य काढलं त्यांना दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही म्हणतात. आम्ही रागावलो, समजावलं, मी पुन्हा कप आदळून पाहिले. आता ते ओट्यावर बसून पावलांच्या आवाजावरून माणसं ओळखतात आणि मधूनच मला विचारतात, "गुडघा दुखस का आते?"

परवा दिलवरचा पहिला मोठा सामना टीव्हीवर लागला. नवरा ऑफिसच्या कामाला नंदुरबारला गेलेला. मी टीव्हीपुढे, चुलतसासरे दारापाशी खुर्चीत. चढाया होत होत्या, मी श्वास धरून बसले होते, त्यांना पडद्यावर नुसता उजेड दिसत होता. दिलवर डाव्या कोपऱ्यात उभा होता, अंगाने भरलेला, केस बारीक कापलेले. "काय दिखस?" त्यांनी विचारलं. मी सांगायला लागले तसे ते घाईने म्हणाले, "बोलू नको, बोलू नको. तो आयकी." त्यांनी बाहेरचा कानोसा घेतला, नवरा येण्यासारखा नव्हता. मग त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, उजवा हात माझ्याकडे केला आणि त्यावर रुमाल टाकला. "आठे बठ, मास्तरीन," ते म्हणाले. मी पदर सावरला, खुर्चीशेजारी खाली बसले आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या रुमालाखाली हात घातला. हात खरखरीत होता.

दिलवरची पकड आली. झेप तीच, घोटा तोच. चढाईपटू आडवा पडला आणि जिवाच्या आकांताने ओरडला. टीव्हीवर त्याचा वेडावाकडा झालेला चेहरा जवळून दाखवला. मी दिलवरच्या बोटांकडे बघत होते. ती उघडली नाहीत. पंचाची शिट्टी झाली तरी क्षणभर उघडली नाहीत. गुण मिळाला, सोबत्यांनी त्याला उचललं, आणि मला इतका आनंद झाला की मी रुमालाखाली चुलतसासऱ्यांची पाचही बोटं घट्ट धरली.

त्यांनी बोटं मोजली असावीत. पुन्हा एकदा मोजली असावीत. "वरडना का तो?" त्यांनी विचारलं.

"ओरडला."

"तरी बी नई सोडं?"

"नाही सोडलं, काका."

टीव्हीवर जाहिरात लागली होती. मग त्या उजेडाकडे बघत, मला विचारताहेत की स्वतःला हे कळणार नाही अशा आवाजात ते म्हणाले, "त्यास्ना घरे बकऱ्या आते कोन धरत व्हई?"

मी त्यांची चार बोटं तशीच धरून ठेवली आणि करंगळी हळूच सोडून दिली. त्यांनी मान हलवली आणि रुमाल उचलून खांद्यावर टाकला.